आधी दार, मग केरसुणी: सदस्ययादीतील बनावट नावांचा बंदोबस्त

सकाळी मेलपेटी उघडावी आणि 'आपल्या संकेतस्थळावर नवीन सदस्याची नोंदणी झाली आहे' अशा एकाच मायन्याच्या तीसचाळीस मेल ओळीने पडलेल्या दिसाव्यात, हा अनुभव वैयक्तिक ब्लॉग चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. महिन्याकाठी एखादा लेख लिहिणाऱ्याला एका रात्रीत इतके वाचक मिळाले, या कल्पनेने क्षणभर बरेही वाटते. मग नावे वाचायला घ्यावीत तर त्यांत स्वराचा पत्ता नसतो, नुसती व्यंजनांची माळ आणि शेवटी तीनचार आकडे. नोंदणीच्या वेळा पाहाव्यात तर दोन नावांमध्ये जेमतेम दहावीस सेकंदांचे अंतर. हे बॉट असतात, म्हणजे इंटरनेटवर दिसेल तो फॉर्म भरत सुटणारे प्रोग्रॅम, आणि आपल्या लेखनाशी त्यांना काहीही कर्तव्य नसते.

अशा वेळी सगळी नावे निवडून एका फटक्यात पुसून टाकावीत असे वाटते. तो मोह आवरावा. दार सताड उघडे ठेवून केर काढत बसले तर दुसऱ्या दिवशी तेवढाच केर पुन्हा आत येतो, हे एक. आणि घाईने पुसलेल्या नावांबरोबर ती कोणत्या दाराने आली हे सांगणाऱ्या खुणाही जातात, हे दुसरे. नोंदणीची तारीख, वेळ, आयपी पत्ता (ज्या इंटरनेट जोडणीवरून नोंद झाली तिचा क्रमांक) आणि ज्या फॉर्ममधून नोंद झाली त्या फॉर्मचे नाव, एवढी माहिती आधी टिपून ठेवावी किंवा निदान तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि मगच पुढच्या कामाला लागावे.

कोणत्या यादीतले सदस्य?

'सबस्क्रायबर' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि माझ्या पाहण्यात तरी निम्मे उपाय फसतात ते या घोटाळ्यामुळे. पहिला सबस्क्रायबर म्हणजे संकेतस्थळावर खाते उघडलेला माणूस. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग आणि संकेतस्थळे चालवण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर आणि सबस्क्रायबर अशा पाच मूळ भूमिका असतात आणि त्यांतली सर्वांत खालची पायरी ही. या माणसाकडे वापरकर्तानाव आणि पासवर्ड असतो, परंतु लेखन वाचणे आणि स्वतःची माहिती बदलणे यापलीकडे त्याला काही करता येत नाही. दुसरा सबस्क्रायबर म्हणजे नवा लेख ईमेलने मिळावा म्हणून आपला पत्ता देऊन ठेवलेला वाचक. त्याला खाते लागत नाही, पासवर्ड लागत नाही. त्याचा पत्ता ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या किंवा प्लगइनच्या (संकेतस्थळाला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमच्या) यादीत असतो. या दोन याद्या वेगळ्या, त्यांची दारे वेगळी आणि कुलपेही वेगळी. ईमेलच्या फॉर्मला कॅप्चा, म्हणजे फॉर्म भरणारा माणूस आहे की बॉट हे पाहणारी चाचणी, लावून निर्धास्त झालेला माणूस, नोंदणीचे मागचे पान उघडेच असल्यामुळे, पुढचे कित्येक महिने 'कॅप्चा लावूनही बॉट येतात' अशी तक्रार करत राहतो. म्हणून आधी डॅशबोर्डवरच्या 'यूझर्स' या यादीत नवी नावे दिसतात का, की ती फक्त ईमेलच्या यादीत आहेत, हे पाहून घ्यावे.

नावे 'यूझर्स'मध्ये दिसत असतील तर उपाय बहुधा एका टिचकीचा असतो. 'सेटिंग्ज'मधील 'जनरल' या पानावर 'मेंबरशिप'च्या पुढे 'एनीवन कॅन रजिस्टर' असा चौकोन असतो. त्यातली खूण काढावी आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल जतन करावा. वैयक्तिक लेखनाच्या जागेवर परक्या माणसाने खाते उघडण्याचे कारणच सहसा नसते. ही खूण कधीतरी हौसेने केलेली असते, किंवा प्रतिक्रिया देण्यासाठी नोंदणी सक्तीची करावी अशा विचाराने केलेली असते आणि मग विसरली जाते. लॉगिनच्या पानावर 'रजिस्टर' अशी लिंक दिसत नसली तरी नोंदणीचे पान आपल्या ठरलेल्या पत्त्यावर असतेच, आणि वर्डप्रेसच्या सगळ्याच संकेतस्थळांवर तो पत्ता सारखा असल्यामुळे बॉटला ते शोधावे लागत नाही.

त्याच पानावर आणखी एक ओळ आवर्जून पाहावी: 'न्यू यूझर डिफॉल्ट रोल', म्हणजे नव्याने नोंदणी करणाऱ्याला आपोआप मिळणारी भूमिका. तिथे 'सबस्क्रायबर' असेल तर ठीक. तिथे 'ॲडमिनिस्ट्रेटर' किंवा 'एडिटर' दिसले आणि तसे आपण केलेले नसेल, तर प्रकरण स्पॅमचे राहिलेले नाही, कोणीतरी आत शिरले आहे असे समजावे. एखाद्या प्लगइनमधल्या भगदाडातून शिरून नोंदणी सुरू करायची, मूळ भूमिका ॲडमिनिस्ट्रेटरची करायची आणि मग समोरच्या दाराने साळसूदपणे खाते उघडायचे, ही हल्लेखोरांची जुनी रीत आहे. अशा वेळी 'यूझर्स'च्या यादीत ॲडमिनिस्ट्रेटर किती आहेत ते मोजावे, अनोळखी असतील ते काढावेत, सगळे पासवर्ड बदलावेत, सगळी प्लगइन अद्ययावत करावीत, आणि आपले संकेतस्थळ जिच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीकडे घुसखोरीच्या आधीच्या तारखेचा बॅकअप आहे का याची चौकशी करावी.

साध्या सबस्क्रायबरच्या खात्याचा बॉटला काय उपयोग, असा प्रश्न कोणालाही पडेल. काही बॉट खात्याच्या माहितीतील 'वेबसाइट'च्या रकान्यात स्वतःची लिंक भरतात, ती कुठेतरी जाहीर दिसेल या आशेने. काहींचा हिशेब अधिक दूरचा असतो. अनेक प्लगइनांमध्ये आढळणाऱ्या त्रुटींचा फायदा फक्त लॉगिन केलेल्या माणसालाच घेता येतो, कारण त्या प्लगइनने 'हा माणूस आत आला आहे का' एवढेच तपासलेले असते, 'याला हे करण्याचा अधिकार आहे का' हे तपासलेले नसते. अशी त्रुटी उद्या कधी जाहीर झाली तर हाताशी हजारो संकेतस्थळांवरची खाती तयार असावीत, ही ती बेगमी आहे. निरुपद्रवी दिसणारी खाती तशीच पडू देऊ नयेत, ती याचसाठी.

खूण काढल्यानंतरही नवी खाती येत राहिली तर संकेतस्थळावर दुसरे एखादे दार आहे. खरेदीची, चर्चेची किंवा अभ्यासक्रमाची प्लगइन स्वतःचा वेगळा नोंदणीफॉर्म आणतात आणि त्यांतली काही मूळ सेटिंगला जुमानत नाहीत. एकेक प्लगइन बंद करून पाहिले की दोनचार दिवसांत चोर सापडतो.

ईमेलची यादी: नुकसान दुसऱ्याचेही असते

ईमेलच्या यादीतील बनावट पत्त्यांचे कोडे जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण त्यांतले बरेच पत्ते बनावट नसतात. ते खऱ्या माणसांचे असतात; फक्त त्या माणसांनी ते दिलेले नसतात. याच्या मागे मेल-बॉम्बिंग नावाचा प्रकार आहे. एखाद्याच्या खात्यातून पैसे काढायचे किंवा त्याच्या नावावर खरेदी करायची, आणि त्याच वेळी त्याचा ईमेल पत्ता एकाच तासात शेकडो-हजारो याद्यांमध्ये घुसवायचा. त्याच्या मेलपेटीत 'सदस्य झाल्याबद्दल आभार' अशा मेलचा पूर येतो आणि बँकेने पाठवलेली सावधगिरीची सूचना त्या पुराखाली गडप होते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक सरकारी पत्त्यांवर असाच मोठा मारा झाला होता, आणि त्यासाठी वापरलेले फॉर्म कोणा गुन्हेगारांचे नव्हते. पत्ता पडताळून न पाहता थेट यादीत घालणाऱ्या साध्यासुध्या संकेतस्थळांचे होते. आपला फॉर्म अशा पुरातला एक थेंब असू शकतो, आणि थेंब म्हणून तो आपल्याला फारसा जाणवतही नाही.

दुसरा प्रकार 'नाव' या रकान्याचा. पुष्कळ फॉर्म ईमेलबरोबर नावही विचारतात आणि मग 'नमस्कार अमुक' अशी सुरुवात करून स्वागताची मेल पाठवतात. बॉट त्या रकान्यात नावाऐवजी 'तुम्हाला बक्षीस लागले आहे, इथे पाहा' असे वाक्य आणि पुढे लिंक भरतो आणि ईमेलच्या रकान्यात कोणा तिऱ्हाइताचा पत्ता घालतो. परिणामी त्या तिऱ्हाइताला आपल्या संकेतस्थळाच्या नावाने, आपल्या सर्व्हरवरून, 'नमस्कार, तुम्हाला बक्षीस लागले आहे' अशी मेल जाते. जाहिरात त्यांची, बदनामी आपली. याला तोड सोपी आहे: नावाचा रकाना काढून टाकावा. नाव विचारल्यामुळे आपले लेखन अधिक वाचले जाते असे मला तरी कधी दिसलेले नाही. रकाना ठेवायचाच असेल तर त्याला तीसचाळीस अक्षरांची मर्यादा घालावी, तिरकी रेघ किंवा लिंक असलेले नाव नाकारावे, आणि पत्ता पक्का होण्याआधीच्या मेलमध्ये ते नाव मुळीच छापू नये.

सर्वांत उपयोगी कुलूप म्हणजे ज्याला डबल ऑप्ट-इन म्हणतात ते. पत्ता भरल्यावर वाचक लगेच यादीत जात नाही. त्याला एक छोटी मेल जाते, तिच्यातली लिंक त्याने दाबली तरच तो सदस्य होतो. अस्तित्वात नसलेले पत्ते इथेच गळतात, दुसऱ्याचा पत्ता भरलेला असेल तर तो दुसरा माणूस लिंक दाबत नाही, आणि यादीत उरतात ती स्वतः मागणी करून आलेली माणसे. ईमेलच्या बहुतेक सेवांमध्ये ही सोय असते, परंतु ती नेहमी आधीपासून सुरू असतेच असे नाही. यादीच्या किंवा फॉर्मच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आपण सुरू करावी लागते. काही वाचक लिंक दाबायला विसरतात आणि यादी हळू वाढते, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे, पण वैयक्तिक लेखनासाठी तो सौदा परवडणारा आहे असे माझे मत आहे.

या पुष्टीच्या मेलबाबत तीन बारकावे सांभाळावेत. ती साधी असावी: तिच्यात लेखांची जाहिरात, चित्रे किंवा पंधरा लिंक नसाव्यात, आणि 'आपण ही विनंती केली नसेल तर ही मेल दुर्लक्षित करावी, पुन्हा मेल येणार नाही' हे वाक्य जरूर असावे, आणि ते खरेही असावे. एकाच पत्त्यावर दिवसभरात एकापेक्षा जास्त पुष्टीची मेल जाऊ नये, नाहीतर कुलूपच पुराला हातभार लावते. तिसरा बारकावा कमी जणांना ठाऊक असतो. अनेक कार्यालयांच्या मेल-सर्व्हरवर सुरक्षेसाठी असे प्रोग्रॅम बसवलेले असतात की ते येणाऱ्या मेलमधील प्रत्येक लिंक माणसाच्या आधी उघडून तपासतात. नुसती लिंक उघडल्याने सदस्यत्व पक्के होत असेल तर अशा ठिकाणी माणसाने काहीही न करता ते पक्के होते. म्हणून शक्य असेल तिथे लिंकने एक पान उघडावे आणि त्या पानावरचे 'होय, मला लेख हवेत' असे बटण दाबल्यावरच नोंद पक्की व्हावी.

फॉर्मवरचे पहारे

डबल ऑप्ट-इन असूनही फॉर्मवर पहारा हवाच, कारण बॉटने भरलेल्या प्रत्येक फॉर्मपायी एक मेल कोणालातरी जातेच. यातला सर्वांत स्वस्त आणि वाचकाला अजिबात त्रास न देणारा उपाय म्हणजे हनीपॉट. फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवायचा आणि तो पडद्याच्या बाहेर ढकलून माणसाच्या नजरेआड करायचा. माणूस तो भरत नाही, कारण त्याला तो दिसत नाही. बॉट पानाचा कोड वाचतो आणि दिसेल तो रकाना इमानेइतबारे भरतो. तो रकाना भरून आला की नोंद फेकून द्यायची. हे करताना दोन चुका हमखास होतात. रकान्याला 'फोन' किंवा 'वेबसाइट' असे ओळखीचे नाव दिले तर ब्राउझरची आपोआप भरण्याची सोय तो खऱ्या वाचकाच्या वतीने भरून टाकते आणि बिचारा वाचक बॉट ठरतो. दुसरी चूक अशी की, पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकांना तो लपवलेला रकाना ऐकू येतो. म्हणून तो त्या सॉफ्टवेअरपासूनही लपवावा, आणि तरीही 'हा रकाना रिकामा ठेवावा' अशी ओळ त्याच्या नावात ठेवावी.

याला जोडून वेळेचा सापळा लावता येतो. पान उघडल्यापासून दोनतीन सेकंदांच्या आत फॉर्म भरून आला तर तो माणसाने भरलेला नाही असे धरायला हरकत नाही. मात्र संकेतस्थळावर कॅश प्लगइन, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत दाखवणारे प्लगइन, असेल तर पान उघडल्याची वेळ जुनीच राहते आणि हिशेब बिघडतो, एवढे ध्यानात ठेवावे.

कॅप्चा मी शेवटचा ठेवतो. चित्रांतले वाहतूक-दिवे शोधायला लावणारा कॅप्चा बॉटला अडवतो तितकाच म्हाताऱ्या वाचकालाही अडवतो, आणि पैसे देऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून घेणाऱ्या सेवा असल्यामुळे हटवादी स्पॅमरला तो फार काळ थोपवत नाही. लावायचाच असेल तर वाचकाला कोडे न घालता पार्श्वभूमीवर तपासणी करणारा निवडावा. गूगलचा रीकॅप्चा त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असा आहे, आणि क्लाउडफ्लेअरने २०२२ साली आणलेला टर्नस्टाइलही त्याच जातीचा. आयपी पत्ते अडवण्याचा उपाय तात्पुरता असतो, कारण बॉट पत्ते बदलत राहतात आणि एकाच आयपी पत्त्यामागे मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक असू शकतात. तरी एकाच पत्त्यावरून तासाभरात चारपाचपेक्षा जास्त नोंदी घेऊ नयेत अशी मर्यादा घालणे शहाणपणाचे. अख्खा देश अडवणे मात्र मला कधीच पटलेले नाही, कारण मराठी वाचणारा माणूस जगात कुठेही असू शकतो.

खरा कोण, खोटा कोण

दारे लागली की मग केरसुणी हातात घ्यावी. इथे घाई केली तर खरा वाचक केराबरोबर बाहेर जातो, म्हणून एका खुणेवर कधीही निर्णय घेऊ नये. दोनतीन खुणा एकत्र आल्या तरच नाव काढावे.

सर्वांत बोलकी खूण वेळेची. खरे वाचक एखादा लेख प्रसिद्ध झाल्यावर किंवा कोणी तो पुढे पाठवल्यावर थोडेथोडे येतात. बॉट मध्यरात्री ठरावीक अंतराने, टिकटिक केल्यासारखे येतात. दुसरी खूण टिंबांची. जीमेलच्या पत्त्यात @ या चिन्हाच्या आधी टिंब कुठेही दिले तरी जीमेल ते मोजत नाही. म्हणजे कोणाचा पत्ता 'कमलनयन' असेल, तर 'कमल.नयन', 'क.मलनयन' आणि 'क.म.ल.न.य.न' या सगळ्यांवर पाठवलेली मेल त्याच एका पेटीत पडते. रोमन लिपीतल्या दहा अक्षरांच्या नावात अक्षरांमधल्या जागा नऊ. प्रत्येक जागी टिंब असेल किंवा नसेल, म्हणजे एकाच पेटीचे ५१२ वेगवेगळे दिसणारे पत्ते होतात. स्पॅमर याचा पुरेपूर फायदा घेतात. अक्षराआड टिंब असलेला जीमेल पत्ता दिसला की सगळी टिंबे मनातल्या मनात काढून पाहावीत. यादीत तेच नाव वेगवेगळ्या ठिकाणी टिंबे देऊन पाचसहा वेळा सापडले तर शंकेला जागा उरत नाही. एखादे टिंब नाव आणि आडनाव यांच्यामध्ये असणे मात्र अगदी स्वाभाविक आहे.

मेल उघडली की नाही, या खुणेवर फार विसंबू नये. उघडल्याची नोंद होते ती मेलमधले एक अदृश्य चित्र उतरवले गेल्यावर. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधील गोपनीयतेची सोय असे चित्र वाचकाने मेल न उघडताही उतरवून ठेवते, आणि उलट ज्याने चित्रे बंद ठेवली आहेत तो प्रत्येक लेख शब्दन् शब्द वाचूनही 'कधीच न उघडणारा' म्हणून नोंदला जातो. लिंक दाबल्याच्या नोंदीचेही तसेच: मेल पोचल्यानंतर दोनतीन सेकंदांत तिच्यातली प्रत्येक लिंक, सदस्यत्व रद्द करण्याची सोडून, दाबली गेली असेल तर ते काम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे, वाचकाचे नव्हे, पण त्या प्रोग्रॅममागे एखाद्या कार्यालयात बसलेला खरा वाचक असू शकतो.

चमत्कारिक पत्ता ही तर सर्वांत फसवी खूण. ही चूक मी स्वतः केली आहे. व्यंजनांची माळ दिसली म्हणून एक पत्ता मी काढून टाकला, आणि पुढचे दोन लेख मिळाले नाहीत म्हणून त्या वाचकाने दुसऱ्या पत्त्यावरून विचारणा केली. तो पत्ता ॲपलच्या 'हाइड माय ईमेल' या सोयीने तयार केलेला होता. अशा सोयी वाचकाचा खरा पत्ता झाकण्यासाठी मुद्दाम विचित्र दिसणारा पत्ता बनवून देतात, आणि फायरफॉक्स व डकडकगो यांच्याही अशा सोयी आहेत. ज्याने असा पत्ता देऊन पुष्टीची लिंक दाबली, तो उलट जरा जास्तच सावध वाचक असतो. दहा मिनिटांनी नाहीसे होणारे पत्ते देणाऱ्या सेवा निराळ्या. त्यांच्यावर पाठवलेली मेल पुढे कोणी वाचत नाही, तेव्हा ते पत्ते निःशंक काढावेत.

केर काढताना

काढण्याआधी संपूर्ण यादी फाइलमध्ये उतरवून घ्यावी; वर्डप्रेसमधील खाती काढायची असतील तर डेटाबेसचा बॅकअप घ्यावा. वर्डप्रेसच्या 'यूझर्स' पानावर वरच्या बाजूला भूमिकांची नावे असतात, त्यांतल्या 'सबस्क्रायबर'वर टिचकी मारली की तेवढीच खाती दिसतात. 'पोस्ट्स'च्या रकान्यात शून्य आहे ना हे पाहावे, एका वेळी यादीच्या एकाच पानावरची खाती निवडावीत आणि काढावीत. ज्याच्या नावावर लेखन आहे असे खाते काढताना त्या लेखनाचे काय करायचे, पुसायचे की दुसऱ्याच्या नावे करायचे, असे वर्डप्रेस विचारते. सबस्क्रायबरच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही. तो आला तर तिथेच थांबून त्या नावाने काय प्रसिद्ध झाले आहे ते आधी पाहावे.

ईमेलच्या यादीत 'काढणे' आणि 'सदस्यत्व रद्द करणे' या वेगळ्या क्रिया आहेत. नुसता काढलेला पत्ता उद्या बॉटने पुन्हा भरला तर तो नव्याने आत येतो. रद्द केलेला किंवा सप्रेशन लिस्टमध्ये टाकलेला पत्ता सेवेच्या लक्षात राहतो आणि त्यावर पुन्हा मेल जात नाही. उघडउघड कचरा असलेले पत्ते काढावेत, परंतु ज्या खऱ्या माणसाचा पत्ता कोणीतरी दुरुपयोगाने भरला आहे आणि ज्याने तशी तक्रार केली आहे, तो सप्रेशन लिस्टमध्ये टाकावा. काही सेवा सदस्यत्व रद्द होताच निरोपाची मेल पाठवतात. शेकडो नावे रद्द करण्यापूर्वी ती सोय बंद करायला विसरू नये, नाहीतर साफसफाईच नव्या स्पॅमचे निमित्त होते.

संशयित पत्त्यांना 'आपण खरे वाचक आहात का?' अशी मेल पाठवावी असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. जुन्या, ओळखीच्या, पण वर्षभर शांत असलेल्या वाचकांसाठी तो योग्य आहे. बॉटनी भरलेल्या पत्त्यांसाठी तो घातक आहे. त्या पत्त्यांत स्पॅम-सापळे असू शकतात, म्हणजे स्पॅमर पकडण्यासाठीच ठेवलेले, कोणीही माणूस वापरत नसलेले पत्ते. त्यांवर मेल गेली की पाठवणाऱ्याची पत घसरते. उरलेल्यांत ज्यांनी कधी काही मागितलेच नव्हते अशी माणसे असतात आणि ती 'स्पॅम' असे बटण दाबतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मेल पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लागू केले, त्यांत अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोचू देऊ नये असे म्हटले आहे. सर्वांत कडक नियम दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत हे खरे, पण छोट्या यादीचे गणित अधिक नाजूक असते: २०० जणांच्या यादीत एकाने तक्रार केली की प्रमाण अर्धा टक्का झाले.

परत येणाऱ्या मेलचे काम त्या मानाने सोपे. '५५०' या आकड्याने सुरू होणाऱ्या उत्तरात असा पत्ताच नाही असे लिहिलेले असेल तर तो पत्ता ताबडतोब काढावा. ४ ने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण दाखवतो, म्हणजे सर्व्हर गडबडीत आहे किंवा आपल्याला सध्या थोपवले आहे; असे पत्ते दोनतीन लेखांपर्यंत ठेवून पाहावेत. पुष्टीची लिंक न दाबलेले पत्ते आठवड्याभराने आपोआप जातील अशी व्यवस्था असेल तर ती सुरू करावी, नसेल तर महिन्यातून एकदा हाताने काढावेत.

तयार व्यासपीठांवर, जिथे एकमेकांना 'फॉलो' करण्याची सोय असते, तिथे आणखी एक जमात भेटते: आपणही त्यांना फॉलो करावे म्हणून दिसेल त्याला फॉलो करत सुटणारी माणसे. ती माणसे असल्यामुळे कॅप्चा त्यांना अडवत नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. नाव यादीतून काढता येते, पण जाहीर लेखन त्यांना तरीही वाचता येतेच, आणि ती ते वाचत नाहीत ही गोष्ट वेगळी.

सगळे झाल्यावर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून, आपल्याच दुसऱ्या एखाद्या पत्त्याने, अगदी नव्या वाचकासारखी नोंदणी करून पाहावी. एकदा संगणकावरून आणि एकदा मोबाइलवरून, कारण पडद्याबाहेर ढकललेला हनीपॉटचा रकाना मोबाइलवर कधीकधी डोके वर काढतो. पुष्टीची मेल मिनिटादोन मिनिटांत यायला हवी. ती स्पॅमच्या फोल्डरमध्ये सापडली तर दोष फॉर्मचा नसून बहुधा डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदींचा असतो: मेल खरोखर आपल्याच वतीने आली आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नावाच्या दोन नोंदी ईमेल सेवेच्या सेटिंगमध्ये तयार मिळतात, त्या आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, जशाच्या तशा चिकटवाव्यात, बदल सर्वत्र पोचायला एखादा दिवस द्यावा, आणि तीच चाचणी पुन्हा करावी.